आई-बाबांच्या घरी स्मार्ट थर्मोस्टॅट बसवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-बाबा लेस्टरला, १९३० च्या दशकातल्या सेमी-डिटॅच्ड घरात राहतात. बाबा ७९, आई ७४. नोकरीची सगळी वर्षं इंग्लंडमध्येच गेली, आता घरात दोघंच. प्रश्न विचारणारी लेक मिल्टन कीन्सला. सरकारने विंटर फ्युएल पेमेंट (हिवाळ्यात हीटिंगसाठी ज्येष्ठांना मिळणारी रक्कम) बंद केलं, मग परत सुरू केलं, आणि तेव्हापासून हीटिंग लावताना बाबांचा हात आखडलाय. ‘दिवाळीला त्यांना स्मार्ट थर्मोस्टॅट द्यावा म्हणते. कुठला घेऊ? आणि इतक्या म्हाताऱ्या माणसांचा खर्च हा देश शेवटी भागवणार तरी कसा?’

मी बरीच वर्षं हीटिंग इंजिनिअर म्हणून बॉयलर उघडण्यात घालवली. आता एका कौन्सिलसाठी, म्हणजे इथल्या नगरपालिकेसाठी, ज्येष्ठांच्या घरी जाऊन गॅस-विजेचा खर्च कसा आवरायचा ते बघतो. तुमचे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण माझ्या कामात ते रोज एकाच दिवाणखान्यात भेटतात. कुठला घ्यायचा ते सांगतो, पण आधी थोडी आकडेमोड करू.

ऑफजेम या वीज-गॅस नियामक संस्थेच्या हिशेबाने इथलं सर्वसाधारण घर वर्षाला ११,५०० युनिट गॅस जाळतं. २०२५ च्या ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीत कमाल दर युनिटला साधारण ६.३ पेन्स होता. म्हणजे गॅसचे सव्वासातशे पौंड, वर रोजचा स्टँडिंग चार्ज, म्हणजे गॅस वापरा-न वापरा लागणारा आकार. यातला काही गॅस आंघोळीच्या पाण्याला आणि स्वयंपाकाला जातो. थर्मोस्टॅटने दहा टक्के वाचवले असं उदार मनाने धरलं, तरी वर्षाकाठी सत्तरेक पौंड. खोका दीडशे-दोनशेचा, बसवणावळ वेगळी. पैसे वसूल व्हायला तीन-चार वर्षं.

आता दुसरा आकडा. अटेंडन्स अलाउन्स नावाचा भत्ता आहे. २०२५-२६ मध्ये त्याचा खालचा दर आठवड्याला ७३.९० पौंड आणि वरचा ११०.४० पौंड. खालचाच धरला तरी वर्षाला ३,८४० पौंडांच्या वर जातो. उत्पन्न, बचत, घर यांपैकी काहीच विचारात घेतलं जात नाही, आणि त्यावर करही नाही. अट एवढीच, की पेन्शनचं वय उलटलेलं असावं आणि आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे सहा महिने तरी स्वतःचं आवरायला मदतीची गरज असावी. मदत प्रत्यक्षात कुणी करत असलंच पाहिजे असंही नाही.

आपल्या लोकांच्या घरी हा अर्ज कुठे अडकतो ते मी पाहिलंय. ‘आंघोळीला मदत लागते का?’ यावर बाबा ताठ बसून सांगतात, ‘छे, मी माझं करतो.’ करतात, पण बाथटबची कड धरून, पाऊण तास लावून, आणि तोवर आई दाराबाहेर उभी असते. मोजे आईच चढवते. रात्री उठल्यावर जिन्यात दिवा तीच लावते. हे सगळं अर्जात लिहायचं असतं. किती वेळ लागतो, पडण्याची भीती किती, वाईट दिवस कसा जातो, हे महत्त्वाचं. स्वाभिमानी माणसाकडून हा अर्ज भरून घेणं अवघड, म्हणून तो लेकीने शेजारी बसून भरावा. एज यूके किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या सेवाभावी संस्थांची माणसं फुकट मदत करतात. तुमचे बाबा पात्र आहेत की नाहीत हे मला इथून सांगता येणार नाही. पण ७९ वर्षांच्या माणसाच्या घरी थर्मोस्टॅटच्या आधी हा विषय निघायला हवा.

विंटर फ्युएल पेमेंटचं काय झालं तेही नीट समजून घ्या, म्हणजे बाबांना सांगता येईल. १९९७ साली तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी हे सुरू केलं. वयात बसणाऱ्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता. जुलै २०२४ मध्ये तेव्हाच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ते पेन्शन क्रेडिट वगैरे गरिबीचे भत्ते घेणाऱ्यांपुरतं ठेवलं आणि त्या हिवाळ्यात एक कोटीच्या आसपास ज्येष्ठांचे पैसे गेले. ओरड झाली. जून २०२५ मध्ये सरकार मागे फिरलं. आता इंग्लंड-वेल्समध्ये ते पुन्हा सगळ्यांना मिळतं, मात्र ज्याचं वार्षिक करपात्र उत्पन्न ३५,००० पौंडांच्या वर आहे त्याच्याकडून कराच्या वाटेने परत घेतलं जातं. घराला २०० पौंड, ८० च्या वरचं कुणी असेल तर ३००. उत्पन्न प्रत्येकाचं वेगळं बघतात. समजा बाबांचं पेन्शन ३५,००० च्या पुढे गेलं, तरी आईच्या वाट्याचे १०० आईचेच. बहुतेक घरांत यासाठी अर्ज लागत नाही. ‘तुमचं पेमेंट बाकी आहे, इथे टिचकी मारा’ असा मेसेज आला तर तो भामट्यांचा समजा.

थोडक्यात, बाबांनी ज्या भीतीने हीटिंग कमी केलं, ते कारण बहुधा आता उरलेलं नाही. पण सवय उरते. २०२२ च्या हिवाळ्यात गॅस भडकला तेव्हा खोली-खोलीतले रेडिएटर बंद करणारी मंडळी अजून ते उघडायला तयार नाहीत.

पेन्शन क्रेडिटबद्दल जरा सावधगिरी. उत्पन्न ठरावीक पातळीच्या खाली असेल तर सरकार वरची भर घालतं. २०२५-२६ मध्ये ही पातळी एकट्या माणसाला आठवड्याला २२७.१० पौंड आणि जोडप्याला ३४६.६० पौंड होती. हे मिळालं की मागोमाग बऱ्याच गोष्टी येतात: वीजबिलात वॉर्म होम डिस्काउंटचे १५० पौंड, आणि सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली राहिलं तर कोल्ड वेदर पेमेंटचे २५ पौंड. पात्र असूनही न मागणारे लाखो आहेत. आपल्याकडे दोन अडचणी नेहमीच्या. पहिली, पुण्यातला फ्लॅट. तो ‘तिकडचा’ म्हणून अर्जात लिहायचा राहतो. परदेशातली मालमत्ताही भांडवल म्हणून धरली जाते, आणि १०,००० पौंडांच्या वर प्रत्येक ५०० मागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न मानलं जातं. लपवलं आणि नंतर उघडकीला आलं तर पैसे परत द्यावे लागतात. दुसरी अडचण हिवाळ्याची. थंडी पडली की डिसेंबर ते मार्च कोथरूडला जाऊन राहणारे आजी-आजोबा पुष्कळ आहेत. पेन्शन क्रेडिट साधारणपणे चार आठवड्यांच्या गैरहजेरीपर्यंतच चालू राहतं. अटेंडन्स अलाउन्सला तेरा आठवडे मिळतात. तिकिटं काढण्याआधी हे बघा.

आणि ज्यांच्या मनात कायमचं परत जायचं आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकावी. ब्रिटनचं स्टेट पेन्शन भारतात मिळतं, पण गोठलेल्या दराने. २०१० साली पूर्ण बेसिक पेन्शन घेऊन नाशिकला गेलेल्या माणसाला आठवड्याला ९७.६५ पौंड मिळत होते. आजही तेवढेच. तोच माणूस लेस्टरला राहिला असता तर २०२५-२६ मध्ये त्याला १७६.४५ मिळाले असते. नुसतं भेटीला जाऊन येण्याने पेन्शन गोठत नाही.

ज्यांचे आई-वडील तुमच्या आई-बाबांसारखे इथेच निवृत्त झालेले नाहीत, तर म्हातारपणी व्हिसावर आले आहेत, त्यांना यातलं बहुतेक काहीच लागू नाही. त्यांच्या व्हिसावर सरकारी मदतीला बंदी असते. तिथे अर्ज करणं धोक्याचं ठरू शकतं, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

आता तुमचा मोठा प्रश्न, पैसा येतो कुठून.

‘मी चाळीस वर्षं भरलेत, माझेच पैसे मला देतायत’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. भावना खरी आहे, हिशेब तसा नाही. बाबांनी नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापली जाणारी सरकारी विम्याची वर्गणी, भरला तो त्याच महिन्यात त्या वेळच्या म्हाताऱ्यांना वाटला गेला. आज बाबांना मिळतं ते तुमच्या पगारातून कापलेलं. बाबांच्या नावाची वेगळी थैली कुठेच नाही. त्यांच्या नावावर आहे ती फक्त भरलेल्या वर्षांची नोंद: एप्रिल २०१६ पासून वयात बसलेल्यांच्या नव्या पेन्शनसाठी पूर्ण रकमेला ३५ वर्षं लागतात आणि १० पेक्षा कमी भरली तर काहीच मिळत नाही. (पुण्या-बंगळुरूहून चार-पाच वर्षांसाठी येणारे आपले आयटीवाले इथे नॅशनल इन्शुरन्स भरतात, वर व्हिसासाठी दरसाल १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरतात, आणि दहा वर्षांच्या आत परत जातात. या देशाच्या वृद्धापकाळाला त्यांचा हातभार लागतो, आणि त्याबद्दल कुणी त्यांचे आभार मानलेले मी ऐकलेलं नाही. कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्यांना यातून सूट देणारा करार आता दोन्ही देशांनी मान्य केलाय, तो वेगळा विषय.)

१ जानेवारी १९०९ ला इथे पहिलं सरकारी पेन्शन वाटलं गेलं तेव्हा वयाची अट ७० होती आणि रक्कम आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. सत्तरीपर्यंत पोचणारेच थोडे होते. आता अट ६६ वरून टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत ६७ होतेय, आणि कायद्यात पुढे ६८ लिहून ठेवलेत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ६५ च्या वरचे १ कोटी ११ लाख निघाले, म्हणजे १८.६ टक्के.

त्यात ट्रिपल लॉक. २०१० मध्ये ठरलं की दरवर्षी पेन्शन तीन आकड्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याने वाढवायचं: महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के. महागाई भडकली त्या वर्षानंतर, एप्रिल २०२३ मध्ये, वाढ १०.१ टक्के झाली. पुढच्या वर्षी महागाई उतरू लागली होती, पण पगार वाढले होते, म्हणून ८.५ टक्के. खाली उतरायची पायरीच या जिन्याला नाही. सरकारी अंदाजपत्रकावर नजर ठेवणारी ओबीआर ही स्वतंत्र संस्था सांगते, की स्टेट पेन्शनवर आज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्के खर्च होतो आणि २०७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ७.७ टक्क्यांवर जाईल. म्हातारे मतदानाला जातात, तरुण तितके जात नाहीत. त्यामुळे ट्रिपल लॉकला हात लावायची हिंमत कुठल्याच मोठ्या पक्षात दिसत नाही.

तरी पेन्शनचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. वय वाढवा, कर वाढवा किंवा वाढ कमी करा, आकडे जुळतात. खरा गुंता केअरचा. आंघोळ घालायला, जेवू घालायला, उठवून बसवायला येणारं माणूस एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, पैशांत येत नाही, हे कळल्यावर आपल्या लोकांना धक्काच बसतो. दवाखाना फुकट, पण सेवा फुकट नाही. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांच्या वर भांडवल असेल तर केअरचा खर्च तुमचा तुम्ही करायचा. ही मर्यादा २०१० पासून एका पौंडाने वाढलेली नाही. घरी केअरर येत असेल तर राहतं घर या हिशेबात धरत नाहीत. केअर होममध्ये जावं लागलं तर धरतात, मात्र जोडीदार त्या घरात राहत असेपर्यंत नाही. पुण्याचा फ्लॅट इथेही मोजला जातो. आणि ‘घर मुलांच्या नावावर करून टाकू’ हा सल्ला जो कुणी जेवणाच्या पंगतीत देईल त्याला विचारा, की कौन्सिलने ते मुद्दाम केलं असं ठरवून घर अजून तुमचंच आहे असं धरलं तर पुढे काय?

यावर उपाय सुचवून झालेत. २०११ मध्ये डिल्नॉट आयोगाने म्हटलं, माणसाच्या आयुष्यभराच्या केअरखर्चाला कमाल मर्यादा घाला. २०१४ मध्ये कायदा झाला. मर्यादा ८६,००० पौंड ठरली, तारीख ऑक्टोबर २०२३ ठरली, ती ऑक्टोबर २०२५ वर ढकलली, आणि जुलै २०२४ मध्ये योजनाच रद्द झाली. ज्या भाषणात विंटर फ्युएल गेलं त्याच भाषणात हीही गेली. विंटर फ्युएलची ओरड देशभर झाली, हिच्यासाठी फारसं कुणी रडलं नाही. माझ्या मते केअरची मर्यादा जाणं हा कितीतरी मोठा फटका होता. दोनशे पौंड प्रत्येकाच्या खिशाला दिसतात. केअर होमचं बिल घरात येईपर्यंत कुणालाच दिसत नाही. आता केअरच्याच प्रश्नावर लुईस केसी यांचा आयोग बसलाय आणि त्याचा अंतिम अहवाल २०२८ मध्ये अपेक्षित आहे. बाबा तेव्हा ऐंशी ओलांडलेले असतील. स्कॉटलंडने २००२ पासून वैयक्तिक सेवा मोफत ठेवली आहे, म्हणजे हे अशक्य होतं असं नाही. त्यासाठी कर द्यायची तयारी हवी. इंग्लंडमध्ये २०२२ मध्ये केअरच्या नावाने सव्वा टक्का नॅशनल इन्शुरन्स वाढवला, तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घेतला.

माणसांचे पैसे देता येत नाहीत म्हटल्यावर कौन्सिलांची नजर यंत्रांकडे वळते. पडल्यावर घंटी देणारं लॉकेट, दार उघडलं की नोंद करणारा सेन्सर, खोलीचं तापमान कळवणारा डबा. थर्मोस्टॅटसुद्धा याच पंगतीत बसू लागलाय. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे आता येतो.

स्मार्ट थर्मोस्टॅट पैसे वाचवतो तो मुख्यतः एकाच युक्तीने: घरात कुणी नसताना हीटिंग बंद करून. तुमच्या घरी, जिथे सगळे सकाळी आठला बाहेर पडतात, तिथे ही युक्ती चालते. आई-बाबा दिवसभर घरात. मंदिर, जीपी म्हणजे नेहमीचा डॉक्टर, आणि शनिवारचा बाजार सोडला तर घर रिकामं होतच नाही. जाहिरातीतल्या बचतीचा मोठा भाग तिथेच गळून पडतो.

उलट काही ठिकाणी यंत्राची हुशारी अंगाशी येते. काही थर्मोस्टॅट हालचाल बघून घरात कुणी आहे की नाही ते ठरवतात. थर्मोस्टॅट हॉलवेमध्ये, बाबा मागच्या खोलीत खुर्चीत पेपर वाचत बसलेले. दोन-तीन तास तिकडून कुणी गेलं नाही तर यंत्राला वाटतं घर मोकळं आहे, आणि ते तापमान उतरवतं. काही यंत्रं फोन कुठे आहे त्यावरून ठरवतात. बसवताना लेकीने स्वतःच्याच फोनवर खातं उघडलं आणि ती मिल्टन कीन्सला परतली, की लेस्टरचं घर यंत्राच्या लेखी कायमचं रिकामं. आणि ‘शिकणारा’ थर्मोस्टॅट घेतलात, तर बाबा येता-जाता काटा १६ वर आणतात हे तो मन लावून शिकेल. ज्या सवयीपासून त्यांना सोडवायचं तीच तो पक्की करेल. या तिन्ही सोयी बसवल्या दिवशीच बंद करायच्या.

तापमान किती हवं? इथल्या आरोग्य सुरक्षा यंत्रणेचा सल्ला किमान १८ अंशांचा आहे, जागतिक आरोग्य संघटनेचाही २०१८ चा आकडा तोच. बसून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दिवाणखान्यात २०-२१ असावं असं मी म्हणेन. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त गुठळ्या धरण्याकडे झुकतं. थंडीची लाट येऊन गेल्यावर पुढचे काही दिवस हृदयविकार आणि पक्षाघाताचे रुग्ण वाढतात ते यामुळे. वयाबरोबर थंडी जाणवणंही कमी होतं. ‘मला नाही वाजत’ असं म्हणणाऱ्या आजोबांच्या खोलीत मी १४ अंश पाहिलेत. म्हणून पहिली खरेदी दहा पौंडांच्या आतला, मोठ्या आकड्यांचा डिजिटल थर्मामीटर. टीव्हीशेजारी ठेवा. तो कुणाला काही शिकवत नाही, बाबांशी वादही घालत नाही.

दुसरं काम फुकटचं. कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय नळाचं पाणीही तापवणारा) असेल तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान बहुधा ७५-८० वर ठेवलेलं असतं. कंडेन्सिंग बॉयलरचा (बाहेर जाणाऱ्या वाफेतली उष्णताही वापरणाऱ्या) फायदा परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असेल तेव्हाच मिळतो. ते ६० वर आणलं तर कुठलंही ॲप न घेता गॅस वाचतो. शिवाय रेडिएटर पोळत नाही. तोल जाऊन माणूस रेडिएटरवर कलंडतो आणि तिथेच पडून राहतो, असे अपघात होतात. केअर होममध्ये पृष्ठभाग ४३ अंशांच्या वर जाऊ नये असा दंडक आहे तो त्यासाठीच. मात्र यात एक मेख आहे. बाबा सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभरच हीटिंग लावत असतील, तर कोमट रेडिएटर तेवढ्या वेळात जुन्या घराची भिंतही तापवणार नाही. कमी तापमान आणि जास्त तास, ही जोडी एकत्रच चालते. आणि घरात गरम पाण्याची टाकी असेल तर टाकीचं पाणी ६० च्या खाली ठेवायचं नाही, त्यात लिजिओनेला नावाचा रोगजंतू वाढतो.

तिसरं, विजेचा हीटर. बॉयलर बंद ठेवून पायाशी दोन किलोवॉटचा हीटर लावणं यात बचत आहे अशी बऱ्याच जणांची समजूत असते. २०२५ च्या अखेरीस वीज युनिटला २६ पेन्सच्या आसपास होती, गॅसच्या चौपट. त्या दराने तो हीटर तासाला ५२ पेन्स खायचा. अख्खी संध्याकाळ लावला तर बॉयलरने दोन खोल्या तापवणं स्वस्त पडलं असतं. इलेक्ट्रिक ब्लँकेटची गोष्ट वेगळी. ते शंभर वॉटचं, तासाला तीन पेन्सही लागत नाहीत. रात्री अंथरूण गरम करायला उत्तम. गोधडीखाली दुमडून मात्र ठेवू नका.

एवढं झाल्यावरच थर्मोस्टॅट. तुमच्या घरासाठी मला त्यातली एकच गोष्ट खरोखर उपयोगाची वाटते, खोलीवार नियंत्रण. म्हणजे रेडिएटरच्या स्मार्ट चाव्या. आई-बाबा वापरतात दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि एक झोपायची खोली. तुमची जुनी खोली आणि सामानाची खोली उगाच तापवली जाते. त्या १२-१४ वर ठेवा. पूर्ण बंद केल्या तर भिंतींना ओल आणि बुरशी धरते, मग ती निस्तरा. मुख्य थर्मोस्टॅट हॉलवेतून दिवाणखान्यात आणायचा, आणि तिथल्या रेडिएटरची चावी पूर्ण उघडी ठेवायची. नाहीतर चावी आणि थर्मोस्टॅट एकमेकांशी भांडत बसतात.

कुठल्या कंपनीचा? नेस्ट घेऊ नका. गूगलने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं की युरोपात नवे नेस्ट थर्मोस्टॅट आणणार नाही, आणि जुन्या पिढीच्या यंत्रांची, २०१४ च्या युरोपीय मॉडेलसकट, ॲपशी जोडणी २५ ऑक्टोबर २०२५ पासून तोडली. भिंतीवर ती चालतात, पण फोनवरून दिसत नाहीत. तुम्ही घेताय ते तर मिल्टन कीन्सहून दिसावं म्हणून. बॉयलर पंधरा वर्षं टिकतो, ॲप टिकेल की नाही हे कॅलिफोर्नियातली कंपनी ठरवते. हाइव्ह किंवा टाडो चालेल. घेताना एवढं तपासा: हाताने फिरवायची चकती किंवा मोठी बटणं आहेत का, आकडा बटण न दाबताही दिसतो का, इंटरनेट गेलं तरी वेळापत्रक चालतं का, आणि ज्या सोयीसाठी घेताय तिला महिन्याची फी तर नाही ना. बॅटरी संपल्यावर काय होतं तेही विचारा. इथल्या सॉकेटला बटण असतं, आणि आपले बाबालोक झोपताना ते बटण बंद करतात, राउटरसकट. त्या सॉकेटवर चिकटपट्टी लावा.

यापुढचा भाग पैशांचा नाही, पण न सांगता राहवत नाही. ॲपमधून तुम्ही त्यांच्या घराचं तापमान वाढवू शकाल, पण वाढवू नका. बाबांच्या मनाविरुद्ध दोनदा केलंत की तिसऱ्यांदा ते बॉयलरचंच बटण बंद करतील. त्यांच्याशी बोलून एवढंच ठरवा: दिवाणखाना १७ च्या खाली गेला तर तुमच्या फोनवर सूचना येईल आणि तुम्ही फोन कराल. आणि तुम्ही फोन उचलू शकला नाहीत तर कोण? शेजारीण आहे का, जवळ राहणारं मंडळातलं कुणी आहे का? सूचना येऊन कुणी जाणारंच नसेल तर सेन्सर भिंतीवरची शोभा. कौन्सिलच्या योजना इथेच फसतात. डबे बसवायला एकदाच पैसे लागतात, निरोप आल्यावर दार वाजवणाऱ्या माणसाला दर महिन्याला पगार लागतो, आणि अंदाजपत्रकात कात्री आधी त्या पगाराला लागते.

उलट दिशेने गेलेला एक प्रयोग मला आवडतो. २०२१-२२ च्या हिवाळ्यात ग्लॉस्टरशरमध्ये ‘वॉर्म होम प्रिस्क्रिप्शन’ सुरू झालं. गारठ्याने ज्यांचा आजार बळावतो आणि ज्यांना हीटिंग परवडत नाही, अशांना आरोग्यसेवेने औषधासारखी ऊब लिहून दिली आणि बिल योजनेने भरलं. दवाखान्यातली खाट भरण्यापेक्षा घर गरम ठेवणं स्वस्त पडेल का, हे त्यातून पाहायचं होतं. म्हाताऱ्या लोकसंख्येचा खर्च कसा भागवायचा यावर जी थोडीफार शहाणी उत्तरं मी पाहिली त्यात हे एक.

आता कामाचा क्रम. आधी अटेंडन्स अलाउन्सचा अर्ज मागवा. तो मंजूर झाला तर पैसे अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून महिनाभर विचार करत बसू नका. त्याच दिवशी वीज कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये दोघांचं नाव घाला. ते फुकट असतं, आणि वीज गेली की आधी अशा घरांची विचारपूस होते. घरात पडल्यावर दाबायचं लॉकेट असेल आणि ते जुन्या टेलिफोन लाइनवर चालत असेल, तर फोन कंपनीला आताच कळवा. जुन्या तांब्याच्या लाइनी जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहेत, आणि नव्या डिजिटल लाइनवर वीज गेली की राउटर बंद, फोन बंद, लॉकेटही मुकं. त्यासाठी बॅटरी बॅकअप मागून घ्यावा लागतो. मग गॅस सेफ नोंदणी असलेल्या इंजिनिअरकडून बॉयलरची सर्व्हिस, कॉम्बी असेल तर त्याच भेटीत रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ६० वर, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो. स्मार्ट चाव्या आणि थर्मोस्टॅट त्यानंतर.

बॉयलरचा मेक आणि मॉडेल नंबर खालच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. तो, घरात पाण्याची टाकी आहे की नाही, आणि आताच्या थर्मोस्टॅटमागे किती वायरी आहेत एवढं कळवलंत, तर कुठला संच बसेल आणि कुठला बसणार नाही ते नेमकं सांगता येईल. वायरी बघण्याआधी फ्यूज-बॉक्समधून बॉयलरची वीज बंद करा, आणि ते काम बाबांना सांगू नका.